रीस्टार्टला एवढं घाबरायचं कशाला?

मंडळी, कुठलंही रिक्वायरमेंट डॉक्युमेंट उघडा. त्यात 'नॉन-फंक्शनल' नावाचं एक प्रकरण असतं, जे लिहिणारा सोडून कोणीही वाचत नाही. तिथे तिसऱ्या-चौथ्या ओळीला एक वाक्य हमखास सापडतं: "सर्व्हर रीस्टार्ट न करता कॉन्फिगरेशन बदलता आलं पाहिजे." का? ते लिहिलेलं नसतं. कोणतं कॉन्फिगरेशन? सगळं. वर्षातून किती वेळा बदलणार? माहीत नाही, पण बदलता आलं पाहिजे! मागच्या प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटमध्ये होतं म्हणून ह्या प्रोजेक्टमध्ये आलं. लग्नाच्या आहेरात आलेलं भिंतीवरचं घड्याळ कसं खोका न उघडताच पुढच्या लग्नात जातं, तसं हे वाक्य एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात फिरत असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. जावा सर्व्हर चालू असताना त्याचं कॉन्फिगरेशन बदलण्याची ही जी हौस आहे, ती बहुतेक ठिकाणी अनावश्यक आहे आणि बऱ्याच ठिकाणी चक्क धोकादायक आहे. आणि तिच्यामागचं खरं कारण तांत्रिक नाहीच. त्या कारणाकडे येतोच, पण आधी थोडं यंत्राच्या पोटात शिरू या. (ज्यांचा जावाशी संबंध नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडले तरी चालतील. पण खरं सांगायचं तर गंमत तिथेच आहे.)

सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय असा. एक सिंगलटन क्लास, त्यात एक प्रॉपर्टीज ऑब्जेक्ट. बाजूला एक थ्रेड, जो दर मिनिटाला फाइलची तारीख बघतो. तारीख बदलली की आधी सगळं 'क्लिअर' करायचं आणि फाइल पुन्हा 'लोड' करायची. वीस ओळींचा कोड, दुपारच्या चहाआधी तयार. डेमोला मस्त चालतो. मॅनेजर खूश, क्लायंट खूश.

आता बघा. 'क्लिअर' आणि 'लोड' यांच्यामध्ये काही मिलिसेकंद ती यादी रिकामी असते. त्याच क्षणी एखाद्या रिक्वेस्टने पेमेंट गेटवेचा पत्ता विचारला तर? नल मिळाला तर नशीब समजा, निदान काहीतरी फुटेल आणि लॉगमध्ये दिसेल. पण आपण सगळे सुसंस्कृत लोक, आपण 'गेट-प्रॉपर्टी'ला दुसरा पॅरामीटर म्हणून डिफॉल्ट व्हॅल्यू दिलेली असते. आणि ती डिफॉल्ट कोणती असते? दोन वर्षांपूर्वी कोणीतरी डेव्हलपमेंट करताना टाकलेला टेस्ट सर्व्हरचा पत्ता. म्हणजे एका खऱ्या ग्राहकाचे खरे पैसे टेस्ट गेटवेकडे निघाले, आणि लॉगमध्ये एरर नावालाही नाही. बरं, 'क्लिअर' काढून टाकावं म्हटलं तर 'लोड' ही मेथड फक्त भर घालते, फाइलमधून खोडलेली की मेमरीत तशीच राहते. इकडे आड, तिकडे विहीर.

हा झाला पहिला बग. दुसरा जास्त पोचलेला आहे. डेटाबेसचं युजरनेम आणि पासवर्ड या दोन वेगवेगळ्या कीज. रिक्वेस्टने युजरनेम नवीन वाचलं आणि पासवर्ड जुना, किंवा उलट. हे दहा थ्रेड्सनी एकदम केलं की लॉगिनचे दहा चुकीचे प्रयत्न झाले, आणि डेटाबेसवाल्यांनी अकाउंट लॉक होण्याची पॉलिसी लावलेली असली तर अकाउंट लॉक. तिसरा: फाइल अर्धी लिहून झालेली असताना आपला थ्रेड जागा झाला. एक्सएमएल असती तर शेवटचा टॅग सापडला नाही म्हणून पार्सरने बोंब मारली असती. प्रॉपर्टीज फाइलला शेवट असा नसतोच! जिथे तुटली तिथपर्यंतची ओळ तो गुपचूप व्हॅल्यू म्हणून गिळतो. चौथा: हे सगळं टाळायला नवीन ऑब्जेक्ट तयार करून रेफरन्स बदलला, पण तो 'व्होलाटाइल' केला नाही. जावा ५ मध्ये, म्हणजे २००४ साली, जावाचं मेमरी मॉडेल नीट दुरुस्त झालं आणि त्यात स्पष्ट लिहिलंय, की सिंक्रोनायझेशन नसेल तर एका थ्रेडने केलेला बदल दुसऱ्याला कधी दिसेल याची काहीही हमी नाही. कधीच दिसला नाही तरी जेव्हीएम नियमातच आहे. तुमच्या लॅपटॉपवर दिसतो, प्रॉडक्शनवर जिटने ते वाचन लूपच्या बाहेर काढून ठेवलं की बसा शोधत.

"अरे पण जावा ७ पासून वॉचसर्व्हिस आहे ना!" आहे की, २०११ पासून आहे. पण बरेचसे एडिटर जुन्या फाइलमध्ये लिहीत नाहीत, नवीन फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतात, आणि वॉच तर फाइलवर लावताच येत नाही, फोल्डरवर लावावा लागतो. फोल्डर नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर दुसऱ्या मशीनने केलेला बदल कळेलच याची खात्री जावाचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनही देत नाही. आणि आता सगळे कुबरनेटीसवर गेलेत, तिथे आणखी मजा. कॉन्फिगमॅप फोल्डर म्हणून माउंट केला तर थोड्या वेळाने फाइल बदलते, 'सबपाथ' वापरून माउंट केला तर कधीच बदलत नाही, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिला तर पॉड मरेपर्यंत तोच. तीन रस्ते, तीन उत्तरं. हे माहीत नसल्यामुळे "रीलोड चालत नाहीये" म्हणून लोक अख्खा दिवस घालवतात.

यावर बरोबर उत्तर आहे, नाही असं नाही. सगळं कॉन्फिगरेशन एका इम्युटेबल ऑब्जेक्टमध्ये ठेवा. नवीन फाइल आली की बाजूला पूर्ण नवीन ऑब्जेक्ट बांधा, तपासा, आणि सगळं ठीक असेल तरच एका व्होलाटाइल रेफरन्समधून एका फटक्यात अदलाबदल करा. तपासणीत नापास झालं तर जुनं चालू ठेवून मोठ्याने ओरडा. प्रत्येक रिक्वेस्टने सुरुवातीलाच तो रेफरन्स एकदा घ्यावा आणि शेवटपर्यंत तोच वापरावा. एवढं केलं की वरचे चारही बग गेले.

झालं ना मग? कसलं झालं, खरा त्रास आत्ता सुरू होतो.

कारण व्हॅल्यू बदलली, पण ती आधीच वाचून बसलेल्यांचं काय? कनेक्शन पूलने आपला आकार सर्व्हर चालू होताना वाचला. एचटीटीपी क्लायंटने टाइमआउट त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये वाचला. स्प्रिंगच्या सिंगलटन बीनमध्ये 'व्हॅल्यू' ॲनोटेशनने जे आलं ते एकदाच आलं. 'स्टॅटिक फायनल' कॉन्स्टंट असेल तर विचारूच नका, तो कंपाइल होतानाच दुसऱ्या क्लासमध्ये उतरवला गेलाय. मग आपण काय करतो? प्रत्येकाला 'बदल झाला रे' असं सांगणारे लिसनर लिहितो. थ्रेडपूलचा आकार चालू असताना बदलता येतो, पण मॅक्सिमम आधी वाढवायचा की कोअर, याचा क्रम चुकला तर एक्सेप्शन. वाढवताना एक क्रम, कमी करताना बरोबर उलटा. स्प्रिंग क्लाउडचं 'रिफ्रेशस्कोप' त्या मानाने सुबक आहे, प्रॉक्सी देतं, जुनी बीन टाकून देऊन पुढच्या वापराला नवीन बनवतं. पण त्या बीनने स्वतःच्या पोटात काही साठवलं असेल तर तेही गेलं.

नीट बघितलं तर हे काय चाललंय? जुनी वस्तू टाकायची, नवीन बांधायची, चालू कामं जुन्यावर संपू द्यायची, नवीन कामं नवीनवर घ्यायची. म्हणजे रीस्टार्टच की! फक्त ऑपरेटिंग सिस्टिमने आणि लोड बॅलन्सरने जे काम आयतं करून दिलं असतं, ते आपण जेव्हीएमच्या आत, हाताने, प्रत्येक क्लाससाठी वेगवेगळं आणि टेस्ट न करता करतोय.

इथे कोणीतरी एनजिनएक्सचं उदाहरण देतंच. "बघ, तो कसा एका सिग्नलवर कॉन्फिग रीलोड करतो, एक रिक्वेस्ट पडत नाही." अगदी बरोबर. पण तो करतो काय ते बघितलंय का? मास्टर प्रोसेस नवीन कॉन्फिग तपासते. चुकीचं असेल तर जुन्यावरच चालू राहते. बरोबर असेल तर नवीन वर्कर प्रोसेस सुरू करते आणि जुन्या वर्करना सांगते, की हातातलं काम संपवा आणि निघा. चालत्या वर्करच्या पोटात हात घालून व्हॅल्यू बदलण्याचा आचरटपणा तो करतच नाही. जगातलं सगळ्यात नावाजलेलं 'हॉट रीलोड' हे खरंतर सभ्यपणे केलेलं रीस्टार्ट आहे. (जाता जाता: हाच हँगअप सिग्नल तुम्ही साध्या जावा प्रोसेसला पाठवलात तर ती कॉन्फिग वगैरे काही वाचत नाही, शटडाउन हुक्स चालवून सरळ बंद पडते. प्रॉडक्शनवर प्रयोग करू नये. :-))

आता दुसरं दुखणं. जेएमएक्सवरून किंवा ॲडमिन स्क्रीनवरून मेमरीतली व्हॅल्यू बदलली. तेवढ्यापुरता प्रश्न सुटला, सगळे घरी गेले. फाइलमध्ये जुनीच व्हॅल्यू आहे. सहा महिन्यांनी कुठल्यातरी वेगळ्याच कारणाने मशीन बंद पडलं, सर्व्हर वर आला तो जुन्या व्हॅल्यूसकट. जो प्रश्न सहा महिन्यांपूर्वी सुटला होता तो पहाटे परत आला, आणि ज्याने सोडवला होता तो एव्हाना बंगळुरूला दुसऱ्या कंपनीत. याच्या उलटही होतं. फाइल कोणीतरी बदलली, रीलोड झालाच नाही, कोणाला कळलं नाही. ती चूक फाइलमध्ये दबा धरून बसते आणि पुढच्या रीस्टार्टला बाहेर पडते. पूर्वी एकच प्रश्न विचारावा लागायचा, फाइलमध्ये काय आहे? आता तीन: फाइलमध्ये काय, मेमरीत काय, आणि त्या अमुक ऑब्जेक्टने कधी काय वाचलं होतं.

काही लोक "आमचा सर्व्हर चारशे दिवस बंद पडलेला नाही" असं कौतुकाने सांगतात. मला ते ऐकून धडकी भरते. चारशे दिवसांत तो बंद करून परत उठतो का हे कोणी बघितलेलंच नाही. शिवाय जावाचे सुरक्षा अपडेट्स दर तीन महिन्यांनी येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. म्हणजे किमान चार वेळा वर्षातून रीस्टार्ट व्हायलाच हवा होता. झाला नाही म्हणजे तो सर्व्हर वर्षभराच्या जुन्या भोकांसकट उघडा आहे. यात मिरवण्यासारखं काय?

डिसेंबर २०२१ आठवतो? लॉगफोरशेल. लॉगफोरजेमधलं ते भोक जाहीर झालं, आणि जगातल्या जवळजवळ प्रत्येक जावा टीमला नवीन जार टाकून सर्व्हर परत चालू करावे लागले. एकदा नाही. २.१५ आली, मग त्यातही गडबड म्हणून २.१६, मग २.१७, मग महिना संपता संपता २.१७.१. एका महिन्यात चार. त्या महिन्यात कोणाचं कॉन्फिग किती झकास हॉट रीलोड होतं याला शून्य किंमत होती. ज्यांना रीस्टार्ट करता येत होता ते झोपले, बाकीच्यांचा नाताळ गेला.

आणि "कॉन्फिगच तर आहे, कोड थोडाच बदलतोय" या वाक्याबद्दल. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकने जगभरात पाठवलं ते त्यांच्या भाषेत कॉन्टेंट होतं, कोड नव्हे. मशीन चालू असतानाच उतरणारी एक फाइल. तिच्यासाठी एकवीस फील्ड्सची व्याख्या होती, वाचणारा कोड वीसच पुरवत होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली. आपल्याकडे हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. चुकलेली फाइल कंपनीने ७८ मिनिटांत मागे घेतली होती, पण 'चालू असताना, सगळीकडे, एकदम' म्हटल्यावर ७८ मिनिटं म्हणजे युग झालं.

त्याहून शिकण्यासारखं प्रकरण क्लाउडफ्लेअरचं, १८ नोव्हेंबर २०२५ चं. बॉट ओळखण्यासाठी त्यांच्याकडे एक फाइल असते, दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होऊन सगळ्या नेटवर्कवर पसरणारी. म्हणजे हॉट रीलोडचा आदर्श नमुना. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये बदल केला, त्यामुळे फाइल बनवणाऱ्या क्वेरीला त्याच ओळी दोनदा मिळायला लागल्या, फाइल दुप्पट झाली. वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोनशेची मर्यादा होती. ती ओलांडली, प्रोग्रॅम पॅनिक होऊन पडला. आता खरी गोम. परवानग्यांचा बदल डेटाबेसच्या सगळ्या मशीन्सवर अजून पोचला नव्हता, त्यामुळे दर पाच मिनिटांनी कधी चांगली फाइल बनायची, कधी वाईट. सगळं पडायचं, परत उठायचं, परत पडायचं. सुरुवातीला त्यांना वाटलं की कोणीतरी हल्ला करतंय! इतकी हुशार माणसं, पण बिघाड स्वतःहून बरा होतो आणि परत येतो म्हटल्यावर संशय कॉन्फिगकडे पटकन जात नाही. सकाळी ११:२० ला सुरू झालेला घोळ (ग्रिनिच वेळ) बऱ्यापैकी आवरायला दुपारचे अडीच वाजले. याच क्लाउडफ्लेअरचा जुलै २०१९ मधला बिघाडही असाच, एक रेग्युलर एक्स्प्रेशन एकदम सगळीकडे. आणि जून २०२५ मध्ये गूगल क्लाउड पडलं ते एका पॉलिसीमध्ये काही जागा रिकाम्या राहिल्या आणि ती काही सेकंदांत जगभर पोचली म्हणून. शेवटी निघालं काय? नल पॉइंटर. आपला बालमित्र.

"पण हे तर जावावाले नाहीत." मान्य. पण आपल्या जावात असं होणार नाही असं म्हणायला तोंड आहे का कोणाचं?

आता त्या खऱ्या कारणाकडे. ज्या कंपन्यांमध्ये ही मागणी सगळ्यात जोरात असते तिथली प्रक्रिया बघा. सर्व्हर रीस्टार्ट करायचा म्हणजे 'चेंज रिक्वेस्ट'. ती बुधवारच्या मीटिंगमध्ये जाणार. तिथे सात जण, त्यातल्या चौघांना तुमचं ॲप्लिकेशन काय करतं हेही माहीत नाही. मग क्लायंटकडच्या माणसाची सही. तो सुट्टीवर. मग रविवारी पहाटे दोनची वेळ मिळणार, त्यासाठी हिंजवडीतला कोणीतरी शनिवारचा सिनेमा सोडून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणार. आणि ॲडमिन स्क्रीनवर जाऊन एक व्हॅल्यू बदलायची असेल तर? काही नाही. लॉगिन करा, बदला, 'सेव्ह'. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही.

मग कोणता शहाणा माणूस पहिला रस्ता घेईल? सगळा माल मागच्या दाराने जायला लागतो. आधी टाइमआउट कॉन्फिगमध्ये गेला. मग व्याजाचे स्लॅब गेले. मग क्लासची नावं गेली. मग अख्ख्या एसक्यूएल क्वेऱ्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, आणि परवा एका ठिकाणी तर कॉन्फिग टेबलच्या कॉलममध्ये इफ-एल्सवाली स्क्रिप्ट बघितली. हा कोडच आहे हो! फक्त त्याला कंपाइलर नाही, युनिट टेस्ट नाही, कोड रिव्ह्यू नाही आणि व्हर्जन कंट्रोलही नाही. हॉट रीलोड म्हणजे परवानगीच्या रांगेतून सुटण्याची पळवाट, आणि आपण तिला आर्किटेक्चर म्हणतो. रांग चुकीची असेल तर रांगेशी भांडायला हवं. ते जमत नाही म्हणून आपण भिंतीला भोक पाडतो.

आणि हे भोक पाडल्याची किंमत ते पाडणारे देत नाहीत. आमच्या शेजारच्या टीममध्ये घडलेली गोष्ट सांगतो, क्लायंट परदेशातला, नाव घेत नाही. अशीच एक झकास ॲडमिन स्क्रीन. नोकरीला आठ महिने झालेली एक मुलगी सपोर्टला. तिला मेल आली, अमुक सर्व्हिसचा टाइमआउट तीस सेकंद करा. तिने '३०' टाकलं. जुनं मॉड्यूल सेकंदांत वाचायचं, नवीन मिलिसेकंदांत. स्क्रीनवर कुठेही एकक लिहिलेलं नव्हतं, तपासणी नव्हती, किमान-कमाल मर्यादा नव्हती. 'सेव्ह' दाबताच चारही सर्व्हरवर एकाच क्षणी लागू. तीस मिलिसेकंदांत त्या सर्व्हिसचं साधं हॅलोही येत नाही. सगळे कॉल फेल. तिला परत जुनी व्हॅल्यू टाकायची होती, पण ती किती होती हे स्क्रीन लक्षात ठेवत नव्हती! तासभर गेला. नंतर जे 'रूट कॉज ॲनालिसिस' नावाचं साहित्य लिहिलं गेलं, त्यात कारण काय? 'ह्यूमन एरर'. ट्रेनिंग द्यावं अशी शिफारस. ती स्क्रीन डिझाइन करणाऱ्या आणि तिच्यावर सही करणाऱ्यांचा त्या चार पानांत उल्लेख नाही. त्या वर्षी तिचं रेटिंग काय लागलं ते तुम्ही ओळखलं असेलच.

हाच बदल फाइलमध्ये करून, कमिट करून, एकेक सर्व्हर रीस्टार्ट करत नेला असता तर? कमिटमध्ये जुनी व्हॅल्यू लाल रंगात शेजारीच दिसली असती. दुसऱ्या कोणीतरी '३० काय, सेकंद?' असं विचारण्याची शक्यता होती. कोणीच विचारलं नसतं तरी पहिल्या सर्व्हरची हेल्थ चेक ती सर्व्हिस तपासत असती, तर तिथेच नापास होऊन गाडी थांबली असती. उरलेले तीन जुन्या व्हॅल्यूवर निवांत चालत राहिले असते. मुलगीही रात्री वेळेवर कॅबमध्ये बसली असती.

"ते ठीक, पण आमच्या सर्व्हरला चालू व्हायला आठ मिनिटं लागतात." मग तो तुमचा बग आहे. त्यावर आधी काम करा. आठ मिनिटं कशात जातात? अख्खं मास्टर टेबल मेमरीत भरण्यात, कुठल्यातरी दूरच्या सिस्टिमची वाट बघण्यात, सगळा क्लासपाथ चाळण्यात. रात्री मशीन मेलं तर तेव्हाही आठ मिनिटंच लागणार आहेत, त्या वेळी हॉट रीलोड काय कामाचा? जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये 'क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर' नावाचा छोटा पेपर लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम थांबवायचा एकच मार्ग असावा, क्रॅश. आणि चालू करायचा एकच, रिकव्हरी. म्हणजे तो मार्ग रोज वापरात राहतो आणि गंजत नाही. मी एवढा कडवा नाही, चालू रिक्वेस्ट्स संपू द्याव्यात या मताचा आहे. स्प्रिंग बूटमध्ये २०२० च्या २.३ पासून त्याची सोय एका ओळीत आहे.

"युजर्सची सेशन्स जातात." सेशन सर्व्हरच्या मेमरीत ठेवलं हा मूळ गुन्हा, रीस्टार्टने तो फक्त उघडकीला आणला. "जेव्हीएम नुकती सुरू झाली की हळू चालते." हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मला पूर्ण मान्य आहे. जिट कंपाइलरला एखादी मेथड काही हजार वेळा चाललेली बघावी लागते, तोवर पहिल्या ग्राहकांना गोगलगाय मिळते. यावर उपाय म्हणजे लोड बॅलन्सरमध्ये घेण्याआधी सर्व्हरला खोट्या रिक्वेस्ट्स देऊन गरम करणं. थोडी कटकट आहे. पण ही कटकट एकदा करायची आहे, लिसनरची कटकट प्रत्येक नवीन कीला आहे.

एरलँगवाले आता बाह्या सरसावतील. तुम्हाला सलाम. एरिक्सनच्या टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेली भाषा, मॉड्यूलची दोन व्हर्जन्स एकाच वेळी मेमरीत ठेवण्याची सोय तिच्या गाभ्यातच. जावाच्या गाभ्यात ती नाही. टॉमकॅटवर ॲप्लिकेशन पाच-सहा वेळा रीडिप्लॉय केल्यावर 'पर्मजेन स्पेस' म्हणून कोसळायचं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. (२०१४ च्या जावा ८ मध्ये पर्मजेन गेली, मेटास्पेस आली. क्लासलोडर गळतात ते गळतातच, फक्त मेसेज बदलला.)

सगळंच बंद करा असं मी म्हणत नाहीये. लॉगची लेव्हल खुशाल चालू असताना बदला, लॉगबॅक आणि लॉगफोरजे दोघंही फाइलवर लक्ष ठेवतात, आणि बिघाड चालू असताना रीस्टार्ट केला तर पुरावाच जातो. (डीबग चालू करून घरी जाऊ नका म्हणजे झालं, डिस्क भरते.) एखादं फीचर ताबडतोब बंद करायचं बटणही चालू असतानाच लागतं. पण ते फक्त बंद करणारं बटण असावं, त्यातून नवीन व्यवहाराचे नियम जाऊ नयेत. आणि सर्टिफिकेट्स, पासवर्ड्स. यांचं तर आता टाळताच येणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे वेबसाइटच्या सर्टिफिकेटचं कमाल आयुष्य मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस. हे हाताने कोण करत बसणार? स्प्रिंग बूटमध्ये ३.२ पासून फाइल बदलली की सर्टिफिकेट नव्याने घेण्याची सोय आहे, ती वापरा. बाकी पूलचे आकार, टाइमआउट, पत्ते, दर, नियम हे सगळं गिटमध्ये, आणि तिथून एकेक सर्व्हर करत रीस्टार्टने.

एकच सर्व्हर असलेल्या छोट्या दुकानांनी त्याच मशीनवर दोन वेगवेगळ्या पोर्टांवर दोन जेव्हीएम चालवाव्यात, पुढे एनजिनएक्स. मेमरी थोडी जास्त लागेल, ती तुमच्या शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त आहे. आणि रीस्टार्ट करायचा तो मंगळवारी दुपारी तीनला, सगळी टीम जागेवर असताना. नेटफ्लिक्सवाल्यांनी २०११ मध्ये केऑस मंकीबद्दल लिहिलं, ते माकडही मशीन्स मारायचं ते कामाच्या वेळेतच, माणसं बघायला हजर असताना. क्लायंटने विचारलंच, की भर दुपारी कशाला, तर त्याला उलट विचारा: रविवारी पहाटे दोनला काही बिघडलं, तर तुमच्याकडून फोन उचलायला कोण जागं असणार आहे?